मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस

मला राग आला नाही, हे आधी लिहून ठेवते. लागलं मात्र. आई भाकऱ्या थापत होती, मागे वळूनही न बघता म्हणाली, "ठेव की आता तो मोबाईल, आणि बस जरा अभ्यासाला." मी अभ्यासालाच बसले होते.

रसायनशास्त्रातली पिनॅकोल रिअरेंजमेंट नावाची अभिक्रिया चालली होती. पाण्याचा रेणू निघून जातो आणि शेजारच्या कार्बनवरचा मिथाइल गट इकडे सरकतो. सरांनी हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन करून ग्रुपवर टाकल्यात. पान मोठं केलं की अर्धी रचना दिसते, लहान केलं की अक्षर लागत नाही. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा बाण कुठे पोचला ते बघायला खाली जावं, तर तो निघाला कुठून ते वर गेलेलं असतं. तासभर हेच करत होते आणि शेवटी कुठे ते डोक्यात बसायला लागलं होतं. नेमकं तेव्हाच हे वाक्य आलं.

दादाच्या बारावीला घरात काय काय झालं ते मला आठवतं. टीव्हीवर चादर टाकलेली. पाहुणे आले की ओसरीवरच बसायचे. आत्यासुद्धा हळू बोलायची, आत्या! त्याच्यासमोर पुस्तक उघडं असायचं, म्हणजे अभ्यास चालू आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायचं. मी वर्षभर तेवढीच बसतेय. पण घराला माझा अभ्यास दिसतच नाही. मला काही चादरबिदर नको. नको म्हणते खरी, पण हवीच आहे. आपण काहीतरी अवघड करतोय हे घरातल्या कुणाला तरी कळावं, एवढंच.

त्यात आईनं पुन्हा वडगावचं काढलं. आमच्याच कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, ती थेट साडेआठच्या भोंग्यापर्यंत. मला ते मनापासून आवडतं. एका घराला जमत नाही ते अख्ख्या गावानं ठरवलं. पण भोंगा वाजल्यावर मी काय करायचं? माझं पुस्तक त्या मोबाईलमध्येच आहे.

अमेरिकेत ऑस्टिनच्या विद्यापीठात जवळपास ८०० जणांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये छापून आला होता. फोन नुसता टेबलावर पडलेला असला तरी लक्ष आणि स्मरणशक्ती कमी पडते, दुसऱ्या खोलीत ठेवला तर उत्तरं जास्त बरोबर येतात, असं त्यात दिसलं. पुढे सगळ्यांनाच तसा निकाल मिळाला नाही. मला मात्र तो पटतो, कारण माझं तसंच होतं. बाणावर बोट ठेवलेलं असतं आणि वरून पट्टी सरकते. मी उघडत नाही, पण कुणाचा मेसेज असेल हे मनात सुरू होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला मी आज तयार आहे. पण मग नोट्सही त्याच्याबरोबर तिकडेच जाणार.

स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. गोष्ट वाचताना फरक पडत नाही, पण माहितीचा मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो, आणि वेळ मोजका असला की फरक वाढतो. आणि आमचा पेपर? तीन तास, कागदावर, पेनानं.

हे लिहिता लिहिता आईच्या जागेवरून बघायचा प्रयत्न केला. चुलीपाशी बसून तिला काय दिसतं? माझी वाकलेली मान आणि सरकणारा अंगठा. रील बघणाऱ्या पोरीचीही मान तशीच वाकते, अंगठाही तसाच सरकतो. तिनं ओळखायचं तरी कशावरून? शिवाय गेल्या वर्षीच्या त्या प्रकारापासून तिला मोबाईलची जी धास्ती बसलीय, ती माझ्या अभ्यासापुरती नाही. ते जाऊ दे.

ती मला आळशी म्हणाली नव्हती. ते मीच त्यात ऐकलं बहुतेक. तरी अजून टोचतंय, पण संध्याकाळइतकं नाही.

सगळ्या नोट्स छापून घेणं परवडणारं नाही. कराडला गेले की ज्या पानांवर बाणांची गर्दी आहे तेवढ्याच पानांची झेरॉक्स काढीन. व्याख्या आणि तक्ते मोबाईलवर चालतील. रचना मात्र वहीत काढत बसायच्या. हात दुखला तरी चालेल, पेपरातही त्याच काढायच्या आहेत.

आणि जेवताना अण्णांना विचारलं, परीक्षा होईपर्यंत सात ते साडेआठ टीव्ही बंद ठेवाल का? ते म्हणाले, बातम्या झाल्या की. म्हणजे साडेसात. ठीक आहे, साडेसातपासून बसते.