सीडी १००वर सागरी रस्ता : श्रीवर्धन ते गुहागर

रेवस ते रेड्डी हा कोकणचा अख्खा किनारा जुन्या शंभर सीसीवर टप्प्याटप्प्याने पुरा करायचा, हे माझं काम चालू आहे. रेवस ते दिघी मागेच झालं. या खेपेला श्रीवर्धन ते गुहागर. हा टप्पा मी मुद्दाम थंडीसाठी राखून ठेवला होता, कारण त्याच्या दोन्ही टोकांना आपली माणसं आहेत. श्रीवर्धनला मावशी, गुहागरला आत्या.

गाडी बाबांची, हीरो होंडा सीडी १००. ९७.२ सीसी, चार गिअर. निघण्याआधी नाशिकला पंचवटीतल्या मिस्त्रींकडून दोन्ही ब्रेकचे शू बदलून घेतले, क्लच केबल नवी टाकली, ऑइल १०डब्ल्यू३० भरलं. या गाडीच्या चेनला पूर्ण कव्हर असतं आणि किनाऱ्यावर त्याची खरी किंमत कळते, वाळू आत जात नाही. पण चेन किती सैल झाली ते दिसतही नाही. कव्हरचं रबरी बूच काढून बोटाने दाबून बघावं लागतं. घाट उतरण्याआधी इगतपुरीला थांबून ते केलं.

समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपला जुना मुंबई-आग्रा महामार्गच. कसारा घाट तिसऱ्या गिअरवर, ब्रेक न तापवता उतरला. शहापूरहून डावीकडे मुरबाडला वळले. कर्जत, खोपोली, पाली, वाकण असं गेलं की भिवंडी-कल्याणची गर्दी पूर्ण टळते. नाशिककरांनो, कोकणात दुचाकीवर जायचं असेल तर हाच रस्ता धरा. पुढे माणगावहून म्हसळा, श्रीवर्धन.

मावशीकडे पोचल्यावर चहाआधी वाडीत जायचं, हा लहानपणापासूनचा नेम. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हिची निम्मी वाडी आडवी झाली होती. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर चालणारी घरं ही, आणि पोफळ लावल्यावर उत्पन्नाला सहा-सात वर्षं तरी जातात. वादळानंतर लावलेल्या झाडांतल्या काहींना आता पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आहे. मावशीने एका खोडावरून हात फिरवून दाखवलं. बुंध्याकडच्या कड्या, म्हणजे गळलेल्या पानांच्या खुणा, लांब लांब, मध्येच हातभर खोडावर एकीला एक चिकटलेल्या, वर पुन्हा लांब. "इथे बघ, त्या वर्षी विहीर आटली होती," म्हणाली. झाडाची वाढ मंदावली की कड्या जवळ जवळ येतात. इतक्या उन्हाळी सुट्ट्या या झाडांखाली खेळण्यात गेल्या, पण खोड असं वाचायला कधी कुणी शिकवलं नव्हतं. नाशिकचा चिवडा दिला, ओली सुपारी घेतली आणि सकाळी निघाले.

हरिहरेश्वरवरून बागमांडला. समोर बाणकोटची खाडी, म्हणजे सावित्रीचं मुख. पलीकडचं वेसवी डोळ्यांना दिसतं, पण फेरी नसेल तर आंबेतच्या पुलाला वळसा घालून मंडणगडवरून यावं लागतं. किनाऱ्याचा हा सगळा प्रवास खाड्याच ठरवतात, म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, खाड्या मोजते. फेरीवर चढताना एक सांभाळा. लोखंडी रॅम्प ओला असतो, त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर चाक सरळच घ्यायचं, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता. वर गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडल धरून उभं राहायचं. या खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत आणि गावांना ते हवेतच. रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा तर फेरीवर भागत नाही. पण गाडी पाण्यावरून नेण्याचा हा आनंद ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तो आत्ताच घ्यावा.

वेळास, केळशी वाटेत लागली, थांबले नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला मात्र वर गेले. तिथून दिसणारा सुवर्णदुर्ग बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव, मुक्काम दापोलीत. दुसऱ्या दिवशी दाभोळला वाशिष्ठी फेरीने ओलांडून धोपावे, आणि जेवायच्या वेळेला गुहागर. हेच अंतर रस्त्याने खेड-चिपळूण करत आलं असतं तर दिवस मोडला असता.

आत्याचं घर वरच्या पाटात. दारात गाडी लावली तर माझ्याआधी ती गाडीपाशी गेली. मागच्या कॅरिअरच्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "अगं, माहेरपण संपलं की दादा मला याच गाडीवर नाशिकच्या सीबीएस स्टँडला सोडायचा. तुझी आई बॅगा घेऊन मागून रिक्षात." तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गुडघ्यांमुळे बाबांनी गाडी चालवणं सोडलंय. बहीण-भाऊ बराच वेळ त्या दांडीवरच बोलत होते. वेल्डिंग कधी केलं, कुणी केलं, इथवर. मग वालाचं बिरडं आणि गरम भात. दुपारी व्याडेश्वराला जाऊन आले.

गुहागरलाच गाडी गोड्या पाण्याने धुतली. स्पोकच्या निपलांवर खारटपणाचा पांढरा थर दिसत होता. टूथब्रशने घासून पुसटसं ऑइल लावलं. मागच्या ब्रेकची कॅम जड झाली होती, नाशिकला आल्यावर ड्रम उघडून ग्रीस केलं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, झिजलंय, त्यामुळे चेनसकट सगळा सेट बदलणार.

पुढचा टप्पा गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, फेरीने जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. तवसाळची फेरी आत्यालाही बघायची आहे, तेवढ्यापुरती ती मागच्या सीटवर असेल. त्यासाठी मागचे शॉकअॅब्सॉर्बर आधी बघून घेते.