तुम्ही विचारलेत म्हणून: तीच गाणी पुन्हा कशासाठी?

ओअ‍ॅसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बी हिअर नाऊ' या अल्बमची 2016 मधील तीन सीडींची विस्तारित आवृत्ती मी का घेतली, ज्या अल्बमला त्याचा कर्ताच उघडपणे नावे ठेवतो त्याचे कच्चे खर्डे का ऐकत बसते, हे मला इतक्या वेळा विचारले गेले आहे की एकदा सविस्तर लिहिणेच बरे. हा संग्रहाचा हव्यास नाही. पहिल्या सीडीवर मूळ अल्बमच नव्याने मास्टर केलेला (ध्वनी सुधारून पुन्हा काढलेला) आहे, आणि दुसरीवरील 'स्टे यंग' हे गाणे मूळ सिंगलच्या (सुट्या विकलेल्या गाण्याच्या) जोडीने पूर्वीच आले होते. मी पैसे मोजले ते तिसरीसाठी.

बँडचा गीतकार-गिटारवादक नोएल गॅलाघरने 1996 च्या सुरुवातीला कॅरिबियनमधील मुस्टिक बेटावर, निर्माता ओवेन मॉरिसला सोबत घेऊन, ड्रम मशीनच्या ठेक्यावर, स्वतःच्या आवाजात (अल्बमवर मुख्यतः गातो तो त्याचा भाऊ लियम) ही गाणी नोंदवून ठेवली होती. ते 14 डेमो, म्हणजे कच्चे खर्डे, या सीडीवर आहेत. त्याच वर्षी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत अल्बमचे काम सुरू झाले आणि गिटारींचे थरावर थर चढत गेले. 'माय बिग माउथ'मध्ये गिटारीचे तीसेक ट्रॅक असावेत असा अंदाज सांगितला जातो, आणि त्यात चाल घुसमटते हे अल्बमवर जीव असूनही मला मान्य आहे. डेमोत ती गर्दी नाही. म्हणून मी सर्वांना ठासून सांगत असे की खरा अल्बम हाच आहे, 1997 च्या ऑगस्टमध्ये दुकानांत आला तो नव्हे.

हे मी माझ्या मामेभावालाही सांगितले. दादाने 1997 मध्ये पुण्याच्या वसतिगृहात या अल्बमची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली होती आणि मला हे संगीत लागले ते त्याच्यामुळे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी मोठ्या हौसेने त्याला 'स्टँड बाय मी'चा डेमो ऐकवला. तो मान खाली घालून ऐकत होता, त्यामुळे त्याला आवडते आहे असेच मला वाटले. गाणे अर्ध्यावर असताना त्याने उठून प्लेअर बंद केला आणि म्हणाला, "हे आपल्यासाठी नव्हतं गं. याच्यात लियम कुठे आहे? तू मला गाणं सुधारून दाखवतेयस, पण मी त्या वेळी ज्याच्या आधाराने दिवस काढले ते गाणं हे नाही." त्या वर्षी मामा गेले होते. मला ते ठाऊक होते, पण त्या कॅसेटशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मी चिडून वाद घातला, गोंगाट म्हणजे भावना नव्हे असेही म्हणाले, आणि तो जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तरीही दादाचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही. कर्त्याने टाकून दिलेली वाट दिसली की पोहोचलेले ठिकाण अधिक कळते, आणि ते कळावे अशी माझी मनापासून इच्छा असते. मात्र 'डोन्ट गो अवे'मध्ये लियमचा आवाज जे करतो त्याची जागा कोणताही डेमो घेऊ शकत नाही. हे बोलायला मी तेव्हा तयार नव्हते. खुद्द नोएलनेही या आवृत्तीसाठी सगळा अल्बम नव्याने मिक्स करायचे (नोंदवलेले आवाज पुन्हा जुळवायचे) मनात धरले होते, पण 'डू यू नो व्हॉट आय मीन?' एवढे एकच गाणे करून तो थांबला. तो थांबला याचे मला कधी समाधान वाटते, तर 'माय बिग माउथ' लागले की उरलेली गाणीही त्याने करायला हवी होती असे वाटते. दादाकडे मूळ सीडी आहे, माझ्याकडे तिन्ही आहेत, आणि आमचा वाद अजून चालू आहे.