आमची वाटचाल आणि वाळूत लपणारा मासा

आमच्या फर्मची सुरुवात माशांपासून नाही, काचेपासून झाली. मी काच कापायचो, कडा घासायचो, सिलिकॉनने टाक्या जोडायचो. पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, कुठे पाझर नाही ना ते बघायचं आणि मगच टाकी द्यायची. धाकटा भाऊ हाताशी आला तेव्हा मासेही ठेवू लागलो. तो माशांचं बघायचा, मी टाक्यांचं. गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश असं जे सगळीकडे मिळतं तेच आमच्याकडेही होतं. आज लोक आम्हाला ओळखतात ते चपट्या माशामुळे. त्या ओळखीच्या मुळाशी आमची एक चूक आहे, ती आधी सांगतो.

एकदा पुरवठादाराच्या खोक्यात आम्ही न मागवलेली एक पिशवी आली. आत प्लास्टिकला चिकटलेली सहा तपकिरी पिल्लं, अंगावर पाठीकडून पोटाकडे जाणाऱ्या बारीक काळ्या रेघा. पिशवीवर लिहिलं होतं, ‘गोड्या पाण्यातला फ्लाउंडर, तळ साफ करतो’. फ्लाउंडर म्हणजे आपल्या लेप माशासारखा चपटा मासा, आणि असा मासा समुद्राचाच, अशी आमची समजूत. तो गोड्या पाण्यातही असतो याचंच इतकं अप्रूप वाटलं की आम्ही पुढे काही विचारलं नाही. खडे घातलेल्या टाकीत पिल्लं सोडली आणि दोन दिवसांत सहाही विकली गेली. घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पिशवीवरचंच वाक्य सांगितलं: तळ साफ करतो, वेगळं खाणं लागत नाही. याहून खोटी गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नसेल.

दीड-दोन महिन्यांनी नेहमी येणाऱ्या एक मावशी मेलेला मासा वाडग्यात घेऊन आल्या. “खातोय की नाही ते कळायचंच नाही हो. सारखा खाली पडून असायचा. मला वाटलं, त्याची रीतच तशी,” एवढंच म्हणाल्या. मासा कागदासारखा झाला होता. डोक्यामागे खळगा पडला होता आणि खालच्या पांढऱ्या बाजूवर खड्यांनी घासून लाल चट्टे उठले होते. भाऊ त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पाच घरी फोन केले. तीन मासे आधीच गेले होते. उरलेले दोन आम्ही परत आणले, आणि पुढचं आमचं सगळं शिक्षण त्या दोघांवर झालं.

पहिलं काम होतं मासा ओळखायचं. ‘गोड्या पाण्यातला फ्लाउंडर’ अशी एक जात नाहीच. त्या नावाखाली वेगवेगळ्या घराण्यांतले मासे खपवले जातात. आमचे निघाले हॉगचोकर. शास्त्रीय नाव ट्रायनेक्टेस मॅक्युलॅटस, १८०१ मध्ये नोंदलेलं. डुकरांना घातला तर खरखरीत खवल्यांमुळे त्यांच्या घशात अडकायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाड्यांत हा राहतो. अंडी खाडीच्या खाऱ्या भागात पडतात, पिल्लं नदीत वर चढतात आणि मोठी होतील तशी पुन्हा खाऱ्याकडे सरकतात. म्हणजे पिल्लू गोड्या पाण्यात पकडलं असेल हे खरं, पण तो जन्मभर तिथलाच हे खरं नाही.

जन्मभर गोड्या पाण्यात राहणारे चपटे मासेही आहेत. आग्नेय आशियातल्या नद्यांमधला ब्रॅकिरस पॅनॉइड्स किंवा अॅमेझॉनचा हायपोक्लायनेमस मेंटॅलिस घ्या. हॉगचोकर आणि ब्रॅकिरस वेगळे ओळखायला आम्ही शेपटी बघतो. हॉगचोकर गोलसर असतो आणि त्याची शेपटी सुटी, पंख्यासारखी दिसते. ब्रॅकिरस लांबट पानासारखा. त्याचे वरचे आणि खालचे पर शेपटीला जाऊन मिळतात. ही ओळख पटल्याशिवाय पाण्यात मिठाचा कणही घालू नये, कारण एकाला जे मानवतं तेच दुसऱ्याला बाधतं.

आमच्या दोघांना मचूळ पाणी हवं होतं. त्यासाठी स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्री मत्स्यालयासाठी बनवलेलं मिश्रणच लागतं. ते बादलीत विरघळवून, हायड्रोमीटरने (पाण्याची घनता मोजायच्या साधनाने) मोजून, दर पाणीबदलाला थोडं थोडं वाढवत आम्ही काही आठवड्यांत पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००५ पर्यंत नेलं. घाई केली तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू दगावतात आणि विषारी अमोनिया वाढतो. शिवाय पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून पातळी उतरली की साधं, क्लोरीन काढलेलं पाणीच भरायचं.

टाकी हा माझा प्रांत, आणि इथे मला स्वतःचं काम मुळापासून बदलावं लागलं. मी तोवर उंच टाक्या बनवत होतो, त्या खोलीत शोभतात म्हणून. या माशाला उंचीचं काही नाही, त्याचं जग म्हणजे तळ. आता मी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि फक्त ३० उंच अशी टाकी करतो. पाणी साधारण १२० लिटर बसतं आणि दोन मासे मोकळेपणाने राहतात. आत खडे नाहीत, तीन-चार सेंटिमीटर बारीक, गुळगुळीत वाळू. मासा कडेचे पर थरथरवतो, वाळू उडते, अंगावर बसते आणि क्षणात दोन डोळ्यांशिवाय काही उरत नाही. मी हे शेकडो वेळा बघितलंय, तरी हातातलं काम थांबतं. हीटरला जाळीचं आवरण हवंच, नाहीतर मासा त्याला टेकून भाजतो. झाकणही घट्ट हवं, कारण हा अंगाची चूषणी करून काच चढतो.

काच चढायची ही सवय आम्हाला फार उपयोगी पडली. मासा काचेला चिकटला की त्याची खालची बाजू समोर येते. पोट डोक्याच्या लगेच मागे, लहानसं असतं. ते भरलेलं आहे की आत गेलंय हे तेव्हा सरळ दिसतं. वरून बघून काही कळत नाही; मावशींनाही म्हणूनच कळलं नव्हतं.

खाणं हाच खरा प्रश्न. तळावरचं शेवाळ किंवा उरलेला चारा खाऊन हा जगत नाही, त्याला किडे लागतात. कोरड्या गोळ्यांकडे आमच्या दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळात वाढणारे दोऱ्यासारखे बारीक लाल किडे, नीट धुऊन दिले, गांडूळ बारीक चिरून दिलं, मग हळूहळू गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्या) घेऊ लागले. तेही दिवे बंद झाल्यावरच. आम्ही लांब काचेच्या नळीने खाणं थेट वाळूवर, त्याच्या तोंडापाशी सोडतो. तो डोक्याकडचा भाग किंचित उचलतो, पुढे सरकतो आणि बिनडोळ्याच्या बाजूला वळलेल्या तोंडाने खालून उचलतो. घास घ्यायला त्याला मिनिटं लागतात. तेवढ्यात टेट्रा किंवा बार्ब सगळं संपवतात. म्हणून घाईने खाणाऱ्या माशांबरोबर याला ठेवणार असं गिऱ्हाईक म्हणालं, की आम्ही मासा देत नाही. काही जण रागावून जातात. जाऊ देत.

बाजारात येणारे हे मासे जवळजवळ सगळे निसर्गातून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहिलेले असतात. म्हणून आलेला प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो. नंतर घेणाऱ्याला दुकान बंद व्हायच्या वेळी बोलावतो, दिवे मालवतो आणि त्याच्यासमोर मासा खातो की नाही ते बघतो. त्या दिवशी नाही खाल्लं तर मासा जात नाही.

या अंधारात थांबण्यातूनच आमचं खरं गिऱ्हाईक जमलं. मुलांना डोळ्यांची गोष्ट सगळ्यांत आवडते: अंड्यातून निघालेलं पिल्लू इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे, वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. मग मुलं टाकीसमोरून हलतच नाहीत. मावशींनी पुन्हा हा मासा घेतला नाही, पण परत आणलेल्या दोघांना बघायला त्या येत राहिल्या. त्यातला एक आजही समोरच्या रुंद टाकीत आहे.

सध्या आम्ही अडलोय ते जिवंत खाण्यापाशी. बाहेरून येणाऱ्या ट्युबिफेक्सचा भरवसा नाही. ते सांडपाण्याच्या गाळात वाढलेले असले तर रोग घेऊन येतात. म्हणून भावाने मागच्या खोलीत गांडुळांचे चार ट्रे मांडलेत. पहिल्या ट्रेमध्ये ओल जास्त झाली आणि सगळी कडेने वर चढून बाहेर पडली. दुसऱ्यात आता बारीक पिल्लं दिसू लागली आहेत.