आधीचा क्लब : नाही

ट्रायलच्या दिवशी मी मैदानाकडे फारसं बघत नाही. फुटबॉल क्लबमध्ये मुलांची नोंदणी करणं हे माझं काम. जन्मदाखला, फोटो, पालकांची सही, आधीच्या क्लबचं ना हरकत पत्र. कोण चांगलं खेळतं ते कोच ठरवतात. तो मुलगा आमच्या नावावर उतरू शकतो का, ते कागद ठरवतात.

13 वर्षांखालच्या संघाच्या त्या ट्रायलला मात्र हेड कोच स्वतःच माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, सतरा नंबर. त्याचे कागद आजच्या आज करून टाका. दुसऱ्या क्लबवाल्यांनीही त्याच्या वडिलांना गाठलंय."

मी अर्ज काढला. मुलाचा जन्म नोव्हेंबरचा. माझे कान तिथेच टवकारले. निवड झालेल्या मुलांचे दाखले माझ्याकडे येतात तेव्हा जानेवारी, फेब्रुवारी, मार्चची गर्दी असते. वयोगट कॅलेंडर वर्षावर पडतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि कोचला वाटतं तो गुणाने मोठा आहे. जगभर यावर अभ्यास झालेत, तरी निवडी तशाच होत राहतात. त्या गर्दीत नोव्हेंबरचा किरकोळ पोरगा सगळ्यांच्या नजरेत भरतो, म्हणजे त्याच्याकडे उंचीपेक्षा वेगळं काहीतरी असणार.

म्हणून बघितलं. डाव्या पायाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा. पास येण्याआधी मान एकदा इकडे, एकदा तिकडे. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचं ठरलेलं. हे गल्लीत खेळून आपोआप येत नाही. कुणीतरी महिनोन् महिने कानीकपाळी ओरडलेलं असतं. आणि अर्जावर 'आधीचा क्लब' या रकान्यात वडिलांनी लिहिलं होतं : नाही. पत्ताही आमच्या भागातलाच, पण नातेवाइकांचा.

पाणी प्यायला आला तेव्हा सहज विचारलं, "मान वळवायला कुणी शिकवलं रे?"

"आमच्या सरांनी. नाही बघितलं तर ते शिट्टी वाजवून खेळ थांबवतात."

वडील लबाड नव्हते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की जुना क्लब दाखवला तर ना हरकतीत प्रकरण अडकतं. घर तीन तासांवर. शाळा सुटली की मुलगा निघणार, रात्री नातेवाइकांकडे झोपणार, असा बेत. "मेस्सीसुद्धा तेराव्या वर्षी घर सोडून गेला ना मॅडम?" हे वाक्य मी दर ट्रायलला ऐकते. गेला, 2000 साली, रोसारिओहून बार्सिलोनाला, आणि सोबत वडील होते. औषधोपचाराचा खर्च हेही मोठं कारण होतं. पुढच्याच वर्षी फिफाने अल्पवयीन मुलांच्या देशाबाहेरच्या बदल्यांवर निर्बंध आणले. आज 18 वर्षांखालच्या मुलाला ठरावीक अपवाद सोडले तर परदेशी क्लबला नोंदवता येत नाही, आणि आईवडील तिकडे गेले असतील तर ते फुटबॉलसाठी गेलेले नसावेत अशी अट आहे. देशातल्या देशात मात्र ज्याचे त्याचे नियम. इंग्लंडमध्ये अकादमीतल्या मुलाचं घर दीड तासाच्या प्रवासात हवं असा नियम होता, धाकट्यांसाठी एक तास. 2012 च्या नव्या योजनेत वरच्या श्रेणीच्या अकादमींना त्यातून मोकळीक मिळाली. नियम बदलला तरी मुलाची झोप तेवढीच लागते, पण ते असो.

मी वडिलांकडून सरांचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस चिडेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हा तिसरा. तुम्ही लोक दरवर्षी एक नेता." मग जरा थांबून, "त्याचं नाव गेल्या वर्षीच मी फुटबॉल संघटनेकडे पाठवलंय. क्लबचं नाव लिहा म्हणजे झालं. दुसरं काही नको."

म्हणजे आम्ही त्याला नवा खेळाडू म्हणून पाठवलं असतं, तर दुहेरी नोंदणीत सापडलो असतो.

पण माझ्या डोक्यात दुसरा हिशोब चालू होता. मुलगा कुठे कुठे नोंदला गेला, याची जी नोंद खेळाडूच्या नावाने ठेवतात, ती बारावा वाढदिवस येतो त्या कॅलेंडर वर्षापासून सुरू होते. पुढे कधी तो व्यावसायिक झाला आणि पैसे मोजून परदेशी क्लबकडे गेला, तर बदलीच्या रकमेतले 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरापर्यंतच्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, पुढे तेवीसपर्यंत अर्धा. याने गेल्या नोव्हेंबरात बारा पूर्ण केली होती. म्हणजे हिशोबातलं पहिलंच वर्ष त्या सरांचं, आणि अर्जावरच्या एका 'नाही'ने ते पुसलं गेलं असतं. असल्या बदलीपर्यंत फार थोडी मुलं पोचतात, मान्य. तरी ते वर्ष त्यांचंच ना.

हेड कोच वैतागले. नोंदणीची मुदत संपत आली होती, पत्राची वाट बघत बसलो तर सुरुवातीचे सामने हातचे जाणार. "वडिलांनीच नाही लिहिलंय, आपला काय संबंध?" मी म्हटलं, सही माझी आहे. बराच वेळ वाजलं आमचं, पोरांसमोरच.

पत्र आलं, साध्या कागदावर, शिक्क्यासह. खाली हाताने एक अट : शाळेच्या दिवसांत मुलगा गावीच सराव करेल, शनिवार-रविवार तुमच्याकडे. अशी अट कुठल्याच नियमात बसत नाही. मी ती मुलाच्या आईला वाचून दाखवली, तर त्या लगेच म्हणाल्या, "हेच करा. रोज प्रवास केला तर हा अभ्यासाला बसेल कधी?" एवढा वेळ त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या सामन्यांना त्याला मुकावं लागलं. डाव्या बाजूला आमच्याच भागातला एक मुलगा खेळला. सतरा नंबर खेळू लागल्यावर हा मुलगा राखीव बाकावर गेला, आणि त्याच्या वडिलांनी मला येऊन विचारलं की बाहेरून पोरं आणायची तर आमच्याकडून वर्षभराची फी कशाला घेता? मी त्यांना हेड कोचकडे पाठवलं. ते काय बोलले मला माहीत नाही; मुलाने मात्र क्लब सोडला नाही.

हेड कोच अजून कुरकुरतात, दोन सर म्हणजे दोन पद्धती, पोरगा गोंधळेल. दर सोमवारी ते त्या सरांना फोन करतात आणि अर्धा अर्धा तास भांडतात. पुढच्या हंगामात त्याला रोजच्या सरावाला आणायचंच असं त्यांनी ठरवलंय. सर नाही म्हणणार आहेत.