बीजीपी, चार दिवस आणि ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’

इचलकरंजीत आमचा इंटरनेट जोडण्या देण्याचा छोटा व्यवसाय आहे. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख) आणि /24 चा, म्हणजे 256 पत्त्यांचा, आयपी ब्लॉक मिळाला, तेव्हा दुसऱ्या कंपनीचीही लिंक घेतली आणि लेयर थ्री स्विचवर (राउटरसारखे मार्ग ठरवणाऱ्या स्विचवर) बीजीपी लावायला बसलो. बीजीपी म्हणजे नेटवर्क एकमेकांना आपापले रूट, म्हणजे मार्ग, कळवतात ती पद्धत. आयआरआयएनएनची (भारतात हे नंबर आणि पत्ते देणारी संस्था) कागदपत्रं, फायबर, लिंकच्या दोन टोकांसाठी /30 चे आयपी, सगळं वेळेत झालं. कमांड तर जेमतेम दहा ओळींच्या.

नव्या कंपनीशी बीजीपीची जोडणी, म्हणजे सेशन, मात्र वर येईना.

‘शो आयपी बीजीपी समरी’ मारली की शेवटच्या रकान्यात ‘आयडल’ (थंड पडलेलं), जरा वेळानं ‘ॲक्टिव्ह’, परत ‘आयडल’. पिंग व्यवस्थित जात होता. त्यांच्या नॉकला (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाला) फोन केला तर उत्तर आलं, “सर, ॲक्टिव्ह दिसतंय ना? मग चालू आहे. आमच्याकडून सगळं ओके आहे.” अहो, बीजीपीत ॲक्टिव्ह म्हणजे जोडणीची धडपड चालू आहे, जोडणी झालेली नाही! हे नॉकमध्ये बसलेल्या माणसाला मी सांगायचं? त्यांनी तिकीट बंद केलं, मी पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणि पहिल्यापासून तीच उजळणी: पोर्ट बंद-चालू करा, केबल बदला, घोळ तुमच्या स्विचमध्येच असेल. केबल बदलली. बीजीपी वापरतं तो 179 नंबरचा पोर्ट कुठे अडतोय का, म्हणून सगळ्या ॲक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचे नियम) चाळल्या.

तिसऱ्या रात्री लॉग एकेक शब्द करून वाचला. ‘रिसीव्ह्ड फ्रॉम नेबर 2/2, पीअर इन राँग एएस’, म्हणजे शेजाऱ्याकडून आलेला निरोप: समोरच्याचा एएस नंबर चुकीचा. ही ओळ पहिल्या दिवसापासून दिसत होती, आणि मी प्रत्येक वेळी त्यांचाच एएस नंबर माझ्या स्विचवर तपासत होतो. पण ‘रिसीव्ह्ड’ आहे, म्हणजे नकार तिकडून येतोय: त्यांनी आमचा नंबर चुकीचा भरलाय. माझी चूक असती तर तिथे ‘सेंट’ आलं असतं. हा एक शब्द आधी बघा, माझे तीन दिवस त्यातच गेले.

लॉगचा फोटो मेल केला आणि एकच मागणी धरून ठेवली: तुमच्या राउटरवरची आमच्या नावची ‘रिमोट एएस’ची (समोरच्याच्या एएस नंबरची) ओळ जशीच्या तशी पाठवा. चौथ्या दिवशी दुपारी ती आली. सहा आकडी नंबरात दोन आकडे उलटसुलट! दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. दिलगिरीचा एक शब्द नाही. मला अजून राग येतो.

पण त्या रकान्यात ‘ॲक्टिव्ह’च्या जागी ‘1’ उमटला, म्हणजे जोडणी होऊन एक रूट आला, तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. एकच, कारण आम्ही फक्त डिफॉल्ट रूट (बाहेरचं सगळं इकडे पाठवा, असा एकच मार्ग) मागितला होता. स्विचवर पूर्ण टेबल (इंटरनेटवरच्या सगळ्या रूटची यादी) घेऊ नका. आयपीव्ही4 चेच नऊ लाखांवर रूट आहेत, आपल्या स्विचच्या मेमरीत ते मावत नाहीत. 12 ऑगस्ट 2014 ला टेबल 5,12,000 च्या पुढे गेलं, तेव्हा जगभरचे जुने राउटर अडखळले होते.

हो, आणि सेशन वर येण्याआधीच बाहेर जाणाऱ्या रूटवर प्रीफिक्स लिस्ट (कोणते ब्लॉक जाहीर करायचे त्याची यादी) लावा, फक्त स्वतःच्या ब्लॉकची. नाहीतर एका कंपनीकडून आलेले रूट दुसरीला जातात आणि त्यांची वाहतूक तुमच्या स्विचमधून वाहू लागते. सेशन वर येऊनही ब्लॉक बाहेर दिसत नसेल, तर त्याच /24 चा नल झिरोकडे (कुठेच न जाणाऱ्या, नावापुरत्या पोर्टकडे) स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला मार्ग, टाका. ब्लॉक जाहीर करणाऱ्या ‘नेटवर्क’ कमांडला तोच रूट टेबलात हुबेहूब सापडावा लागतो. आमचा ब्लॉक संध्याकाळी बाहेरच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्यांच्या राउटरवरचे रूट दाखवणाऱ्या वेबपानावर) दिसला, मगच मी तिकीट बंद करू दिलं.