तुम्ही विचारलंत म्हणून: माफी मागितली की मोकळे?

"तुमचं बरं आहे. येशूनं तुमची पापं आधीच फेडून टाकली. वाट्टेल ते करा, रविवारी माफी मागा, सोमवारी पुन्हा सुरू." मी ख्रिस्ती आहे हे कळलं की कुणी ना कुणी हे ऐकवतंच. चेष्टेत म्हटलं असेल तर मी हसून सोडून देते. मनापासून विचारलं असेल तर मात्र बसून उत्तर द्यावं लागतं, कारण प्रश्न रास्त आहे. तो बायबलमध्येच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय त्यानंच सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? पत्र लिहिणारा पौल स्वतःच विचारतो आणि लगेच उडवून लावतो. म्हणजे पहिल्याच पिढीत ही पळवाट कुणाला तरी सुचली होती.

आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. येशूच्या मरणानं पापक्षमा कशी होते, याचा एकच ठरलेला सिद्धांत सगळ्या मंडळ्यांना बांधून घालत नाही. नायसीनचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची जुनी जाहीर कबुली, म्हणतो की तो आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला. कसं, ते तिथं सांगितलेलं नाही. सुरुवातीच्या शतकांत काहींनी ते मरण म्हणजे माणसाला सोडवायला दिलेली खंडणी मानली. त्यावर चौथ्या शतकातल्या नाझियान्झच्या ग्रेगरी या धर्मगुरूनं विचारलं, खंडणी द्यायची ती कुणाला, सैतानाला? ११व्या शतकाच्या शेवटी अॅन्सेल्म या धर्मपंडितानं भाषा बदलली: माणसानं देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसानं फेडायला हवं, पण फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. त्याच्यानंतरच्या अॅबेलार्ड या पंडिताचा भर प्रेमावर, ते प्रेम पाहून माणूस बदलतो यावर. पुढे धर्मसुधारकांनी कोर्टाची भाषा आणली: पाप म्हणजे गुन्हा, आणि त्याची शिक्षा आमच्याऐवजी येशूनं भोगली. त्यांच्यातला कॅल्व्हिन तर कायदा शिकलेला.

हे कोर्टाचं चित्र एकटंच सांगितलं की घोटाळा होतो, असं माझं मत आहे. संतापलेला न्यायाधीश, खरा आरोपी बाजूला आणि मार खाणारा कुणी तिसराच निरपराध. मग तुम्ही विचारणारच, हा कुठला न्याय? बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकात, १८व्या अध्यायातही बापाच्या पापाची शिक्षा मुलानं भोगायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पण शुभवर्तमानातला येशू तिसरा नाहीच. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, भुर्दंडही त्यानंच सोसला.

मत्तयाच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात हे आकड्यांत दिसतं. एका चाकराचं राजाला १०,००० टॅलंट देणं आहे. एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हिशेब ६ कोटी दिवसांच्या मजुरीचा झाला. चाकर म्हणतो, सांभाळून घ्या, सगळं फेडतो. फेडणार कधी? राजा कर्ज सोडून देतो. आपण वाचताना चाकराच्या सुटकेकडे पाहतो. खजिन्यात पडलेला खड्डा राजाच्या वाट्याला आला, हे ध्यानात येत नाही. तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हे कळल्यावर राजा माफी मागे घेतो. फुकट मिळालं म्हणून काहीही चालतं, असं समजणाऱ्यांनी हा शेवट वाचावा.

आता तुमचा सोमवार. लूकच्या १९व्या अध्यायात यरीहोचा जक्कय भेटतो. मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी हिशेब दे, असं म्हणत नाही. लोक कुरकुर करतात, पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून. त्यानंतर जक्कय उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. लबाडीनं घेतलेलं स्वतः कबूल केलं तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र मागत होतं. माझं सगळं उत्तर या क्रमात आहे. परतफेड केली म्हणून येशू घरी आला नाही. तो आला म्हणून परतफेड सुचली. आणि ज्यांना नाडलं त्यांच्या हातात पैसे पडल्याशिवाय ही क्षमा नुसत्या तोंडाची राहिली असती.

"मग येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेला चोर?" असंही विचारतात. त्याला परत करायला ना वेळ होता ना मोकळे हात. त्यालाही सुखलोकाचं वचन मिळालं. म्हणूनच परतफेडीला क्षमेची किंमत म्हणता येत नाही.

क्षमेचा बाजार आमच्याच लोकांनी मांडला, हे खरं. पापदंडमाफीची पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, १५१७ मध्ये धर्मसुधारक ल्यूथरनं त्यावरच बोट ठेवलं. १९३७ मध्ये जर्मन पाळक बोनहोफर यांनी पश्चात्तापाविना वाटलेल्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटलं.

त्याहून वाईट प्रकार मी जवळून पाहिलाय. ज्याचं वाटोळं झालं त्यालाच वडीलधारे बाजूला घेऊन सांगतात, "ख्रिस्ती आहेस ना, कर क्षमा, मिटवून टाक." लूकच्या १७व्या अध्यायात येशू म्हणतो, भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. मिटवणाऱ्यांना पहिलं वाक्य नको असतं. क्षमा करायची आज्ञा मला आहे आणि ती जड जाते, पण ती वसूल करायचा हक्क अपराध्याला नाही आणि त्याच्या वतीनं बोलणाऱ्या पाळकालाही नाही. पोलिसांत तक्रार दिली म्हणून कुणी क्षमा नाकारली असं होत नाही. मनातला सूड सोडूनही साक्ष द्यायला कोर्टात उभं राहता येतं.