नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका

परवा भाच्याने नाशिकच्या इंदिरानगरहून व्हिडिओ कॉल केला, नवीन ट्रॉली जॅक दाखवायला, म्हणजे गाडी उचलायचा चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक. ऑनलाइन मागवलाय, दोन टनी, चांगला दणकट दिसत होता. मग कॅमेरा फिरवला तर गाडीचं पुढचं तोंड वर, नुसतं जॅकवर, आणि त्याचा मित्र खाली पाठीवर झोपून टॉर्च मारून ऑइल कुठून गळतंय ते बघतोय. गाडी उचलल्यावर तिला खालून आधार द्यायचे लोखंडी स्टँड नाहीत, मागच्या चाकांना दगड नाही, काही नाही. मी ओरडलोच की आधी त्याला बाहेर काढ, मग बोल. तर म्हणतो, मामा, पाचच मिनिटांचं काम आहे.

हे "पाचच मिनिटांचं काम" मी लहानपणापासून ऐकतोय आणि आता मला त्याची चीड येते. नाशिकच्या द्वारका चौकात, मुंबई नाक्याला पंक्चरवाल्याकडे, आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे तेच. अरे पण हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी धरून ठेवतं कोण? कोंडलेलं तेल आणि एक रबरी सील. सील जुनं झालं किंवा व्हॉल्वमध्ये कचरा अडकला की जॅक खाली बसतो, कधी हळूहळू, कधी एकदम. साधी हॅचबॅकसुद्धा नऊशे-हजार किलोच्या घरात जाते, एसयूव्ही तर त्याहून जड. खाली झोपलेल्या माणसाला सरकायला वेळच मिळत नाही. आणि दोन टनी जॅक घेतला म्हणून तो गाडी घट्ट धरतो असं नाही, दोन टन ही उचलायची ताकद आहे. जॅकच्या लेबलवरच लिहिलेलं असतं की हे फक्त उचलायला आहे, उचलल्यावर लगेच स्टँड लावा. ते लेबल आपण वाचतच नाही.

मला हे सगळं इथे शेजारच्या आजोबांनी शिकवलं. आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, इथे वर्षातून दोनदा टायर बदलतात, ऑक्टोबरला थंडीचे आणि ईस्टरला उन्हाळ्याचे. कायद्यात तारीख नाही, पण रस्त्यावर बर्फ असताना डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर नसतील तर ६० युरो दंड आणि चालकाच्या सरकारी नोंदीत शिक्षेचा एक पॉइंट. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की आपल्याकडे बातमी होते, इथे सात अंशांच्या खालीच म्हणतात की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, आता बदला. गॅरेजमध्ये अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आठवडे जातात, म्हणून बरेच लोक घरीच करतात. पहिल्या थंडीत आजोबांनी न मागता स्वतःचे दोन स्टँड आणून दिले, शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक पायरी माझ्याकडून करून घेतली. मी कृतज्ञ आहे आणि हे लिहितोय ते त्यामुळेच.

नातेवाईक म्हणतात, जर्मनीत जाऊन टायरच बदलतोस का? हो, बदलतो. आमच्या सातपूर-अंबडमध्ये दर दोन घरांआड कोणीतरी मायको नाहीतर महिंद्रात आयुष्य काढलंय, हाताने काम करण्यात कमीपणा कसला? खंडेनवमीला आपण पाना-हातोडीलासुद्धा झेंडू वाहतो, इथल्या लोकांना ते सांगितलं की फार आवडतं. आणि आपले मेकॅनिक अडाणी आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगणारी माणसं मला इथे भेटली नाहीत. त्यांच्याकडे स्टँड नसतात, कारण गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "झालं का" विचारत असतं आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करतं. इथे ताशी भाड्याने लिफ्टसकट गॅरेज मिळतं, स्वतःची गाडी स्वतः करा म्हणून. नाशिकला तसं कोणी सुरू केलं तर मी पहिला खूश होईन.

तर भाच्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो. जागा सपाट आणि कडक पाहिजे. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे गाडी उचलली जाताना जॅक स्वतःच्या चाकांवर थोडा सरकतो, त्याला सरकू द्यायचं असतं. पेवर ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की तो सरकत नाही आणि मग गाडी त्याच्यावरून घसरते. पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, तिथे तर उचलूच नका. ओली माती, नको.

गाडीत कोणी बसलेलं नको. हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची, आणि जी बाजू उचलणार त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड. यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांना मागच्या चाकांवर असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं हवेत गेली की हँडब्रेक कुचकामी, आता गाडी फक्त गिअर आणि दगडांवर. आणि आपल्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे पुढचं एक चाक जरी उचललं तरी गिअरचा भरवसा नाही, तिथे हँडब्रेकच. म्हणून दगड दोन्ही वेळेला, न चुकता.

चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, वर उचलल्यावर पान्याला जोर लावला की गाडी हलते. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं, बहुतेक गाड्यांना दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात. त्या पट्टीसाठी खाच असलेला रबरी ठोकळा जॅकच्या वाटीत ठेवा, पट्टी वाकत नाही. इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली जॅक कधीच नाही, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर तळाच्या बॅटरीला जॅकचा स्पर्शसुद्धा नको.

मग स्टँड. दोन्ही एकाच उंचीवर, मॅन्युअलने सांगितलेल्या मजबूत जागेखाली, जॅकचा व्हॉल्व अगदी हळू सोडून गाडी त्यांच्यावर टेकवायची, बाहेर उभं राहून गाडी हाताने ढकलून बघायची. हलली तर परत वर घेऊन नीट लावा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, सगळं फसलंच तरी खाली तेवढी जागा राहते. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक मात्र चालत नाहीत, ते वाकत नाहीत, इशारा न देता फुटतात. भाच्याने विचारलं, अंबडला फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेऊ का? आपले वेल्डर उत्तम आहेत, पण किती वजनाला टेस्ट केलंय हे लिहिलेला, उंची पक्की करणारी पिन असलेलाच स्टँड घे, जॅकपेक्षा स्वस्त मिळेल.

काम झाल्यावर नट हाताने बसवून चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे आवळा, शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते मोजणारा) असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आणि साधारण ५० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा, त्र्यंबकेश्वरला जाऊन आलात की तेवढं होतंच.